राजा कुठल्या गादीचा?

"बाई, तिथं वाघ आहे?"

संग्रहालय बघायला पुण्याला जायचंय, एवढंच मी सातवीच्या वर्गात सांगितलं होतं. बाकं वाजली, गलका झाला, आणि तो विरायच्या आत पहिल्या बाकावरच्या बारक्यानं हे विचारलं. चूक त्याची नव्हती. आपल्या भाषेनं वाघ आणि वरवंटा एकाच शब्दात राहायला ठेवलेत. आधी 'प्राणी' लागला की पिंजरे, नाही लागला की काचेची कपाटं. आणि आपल्याला हवा तो शब्द स्वतःच जोडून घ्यायची सातवीतल्या मुलांना सवय असते. मी म्हटलं, वाघ नाही. पुण्यातले वाघ पेशवे पार्क सोडून कधीच कात्रजला राहायला गेले.

"मग माकडं?"

"ती आपण इथून नेतोय," दारातून पीटीचे सर म्हणाले.

वाघ नाही म्हटल्यावर अर्धा वर्ग गळाला. तिथं जुन्या वस्तू आहेत असं सांगितल्यावर उरलेल्यातले बरेच गळाले. मुलींच्या रांगेतून एक दबका आवाज आला, "म्हणजे भंगार?" तो मी ऐकला नाही असं दाखवलं. शिकवण्याच्या पेशात ऐकू न येणं ही निम्मी पात्रता आहे.

खरं सांगायचं तर मुलांच्या पडलेल्या चेहऱ्यांत मला माझाच चेहरा दिसला. माझं माहेर नागपूरचं. तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयाला सगळं नागपूर 'अजब बंगला' म्हणतं. १८६३ साली सुरू झालेलं ते संग्रहालय. पाचवीत असताना आमच्या बाईंनी आम्हाला तिथं नेलं होतं. त्या भेटीतलं मला काय आठवतं? मैत्रिणीच्या चपलेचा अंगठा तुटला आणि आम्ही उरलेल्या दोघी आळीपाळीनं तिला आमची एकेक चप्पल देत होतो, ते आठवतं. फाटकाबाहेरच्या पेरूवाल्याचं तिखटमीठ आठवतं. "हात लावू नका" हे बाईंचं पालुपद आठवतं. अजब बंगल्यातलं अजब मात्र एकही आठवत नाही. रांगेनं आत गेलो, रांगेनं बाहेर आलो, मधे काचा होत्या. बाईंनी त्या दिवसासाठी किती रात्री कागद केले असतील, हे आता तेच कागद माझ्यापुढे आल्यावर कळलं.

शाळेची सहल खरी निघण्याआधी एकदा कागदावर जाऊन येते. प्रस्ताव, वेळापत्रक, मुलांची यादी, पालकांची संमतीपत्रं, आमची हमीपत्रं, प्रथमोपचार पेटी घेतल्याचा दाखला. शाळेच्या सहलीला एसटी निम्मी सवलत देते, त्यासाठी आगारात वेगळा अर्ज. गाडी अशी ठरवून घेण्याच्या व्यवहाराला एसटीच्या भाषेत 'प्रासंगिक करार' म्हणतात. लग्नाच्या वऱ्हाडालाही गाडी याच नावाखाली मिळते. तिथं ते नाव मला जरा अशुभ वाटतं. प्रस्तावात 'सहलीचा उद्देश' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांना आपल्या समृद्ध सांस्कृतिक वारशाची ओळख करून देणे.' वाक्य चांगलं उतरलं म्हणून मनात खूश होते, तोच लिपिकांनी मागच्या वर्षीची फाइल पुढे केली. मागच्या वर्षी सहल वॉटर पार्कला गेली होती. उद्देशाच्या रकान्यात हेच वाक्य होतं.

गाडीत जागा ४४. आमच्या मुख्याध्यापकांचा हिशेब असा की दहा मुलांमागे एक मोठं माणूस पाहिजेच. मुलं ३९, आम्ही चौघं, आणि शिपाईमामा. बरोबर ४४ भरले. आयुष्यात माझं एवढं चोख गणित पुन्हा जमेल असं वाटत नाही.

पालकसभेत अडचण वेगळीच निघाली. एवढं पुण्याला जाताय तर वाटेत देव कुठला घेणार? मी म्हटलं, ही शैक्षणिक सहल आहे. त्यावर एक वडील म्हणाले, देवदर्शनात शिक्षण नाही असं तुमचं म्हणणं आहे का? हा प्रश्न पालकसभेत घेण्यासारखा नव्हता. शेवटी डबे सारसबागेच्या बाजूला खायचे आणि त्याच वेळी तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घ्यायचं, असा तह झाला. दुसऱ्या एकांनी, यातलं परीक्षेला काय येतं, ते विचारून घेतलं. आणि सभा संपता संपता मागच्या सतरंजीवरून बारक्याची आजी उठून उभी राहिली. "मास्तरीणबाई, जुनं बघाया पैसं कशापायी? आमच्या माळ्यावर या की. चहा बी पाजते." सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीकडे पुण्याला गेले, तेव्हा ठरवून एक दिवस काढला आणि एकटीच शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन आले. मुलांना कुठंही न्यायच्या आधी आपण जाऊन यावं, हा माझा एकमेव शैक्षणिक सिद्धांत. मुंज, लग्न, सहल, तिन्हींत आधी कार्यालय बघून यावं.

यजमानाची नजर आणि पाहुण्याची नजर किती वेगळी असते ते त्या दिवशी समजलं. मी आधी दोन-तीनदा हे संग्रहालय पाहिलं होतं, पण तिथं जिने किती आणि किती अरुंद हे माझ्या लक्षातच नव्हतं. आता मी पायऱ्या मोजत होते. गाडी बाजीराव रस्त्यावर कुठं थांबू शकेल, तिथून मुलं रस्ता कुठं ओलांडणार, पिण्याचं पाणी कुठं, स्वच्छतागृह कुठं, एका दालनात वीस मुलं उभी राहिली तर एकविसाव्याला काय दिसेल. एका सुंदर कोरीव दरवाजासमोर मी बराच वेळ उभी होते. शेजारचे गृहस्थ भारावून म्हणाले, "काय काम आहे!" मी म्हटलं, "हो ना, इथं मुलांच्या जोड्या मोडाव्या लागणार."

पण तासाभरानं माझ्यातली सहलप्रमुख दमली आणि मग मला दिसायला लागलं.

हे संग्रहालय एका माणसाच्या नादातून उभं राहिलं. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे. घरचं चष्म्याचं दुकान होतं. १९२०च्या सुमारास त्यांना वस्तू जमवायचा छंद लागला, आणि पुढची कित्येक दशकं ते आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई तेच करत राहिले. राजेमहाराजांच्या हिऱ्यामोत्यांपेक्षा त्यांनी गावोगावच्या घरांतल्या हाताळलेल्या वस्तू गोळा केल्या. दिवे, कुलपं, विळ्या, दौती, फण्या, शेवयांची यंत्रं, अडकित्ते. लोकांना चष्मे विकता विकता या माणसाला जे दिसत होतं, ते त्यांचे चष्मे लावलेल्यांना दिसत नव्हतं. पुढे हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वस्तू वीस हजारांच्या वर. मांडलेल्या आहेत त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास.

या अडीच हजारांनी माझी झोप उडवली. भाचीच्या घरी रात्री हिशेब केला. एका वस्तूला एक मिनिट दिलं तरी ४१ तास ४० मिनिटं. आमच्याकडे होता दीड तास, त्यात चपला घोटाळल्या की सव्वा. आमच्या इतिहासाच्या सरांनी उत्साहानं २५ प्रश्नांची प्रश्नावली करून दिली होती. ती मी चार पाहुण्या मुलांवर मनातल्या मनात लावून पाहिली, कारण त्याच दिवशी तिथं एक शाळा आलेली होती. हातात प्रश्नावली असलेलं मूल वस्तूकडे बघतच नाही. ते खालची पाटी बघतं, साल उतरवून घेतं, आणि "तुझा सातवा झाला का?" म्हणत पुढे पळतं. वस्तू बिचारी काचेआड तशीच राहते.

मग ठरवलं. केळकरांनी वीस हजार निवडल्या, संग्रहालयानं त्यातल्या अडीच हजार मांडल्या, मी त्यातल्या सात निवडायच्या. सातच. बाकीच्यांची माफी मागून पुढे जायचं.

निवडताना फार जीव खालीवर झाला. दिवा पक्का होता. दौत घेतली, कारण आमच्या मुलांना शाई म्हणजे बोटाला मतदानाच्या दिवशी लागते ती एवढंच ठाऊक. कोरीव दरवाजा घेतला. माशाच्या खवल्यांचं आणि मगरीच्या कातड्याचं चिलखत मुलग्यांसाठी घेतलं. वाघाची थोडी भरपाई म्हणून. मस्तानी महाल घेणं भागच होतं. बाजीरावानं १७३४ साली मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी इथं आणून उभे केलेत. अख्खा महाल घरी घेऊन येणारा संग्राहक आणि त्याला "ठेवायचा कुठं?" न विचारणारी बायको, यांतलं जास्त दुर्मीळ कोण, यावर माझं मत आहे, पण ते शालेय नाही. महालापुढे मुली सिनेमातल्यासारखं नाचू लागतील ही भीती होती, म्हणून तिथं पीटीच्या सरांना उभं करायचं ठरलं.

उरल्या दोन. एक वजरी. पाय घासायची. पितळेची, मुठीत मावेल एवढी. वरच्या बाजूला कारागिरानं पक्षी काढलेला, चोच, डोळा, पंखावरच्या रेघा सगळं आलेलं. आणि खालची बाजू आडव्याउभ्या कापांनी खरखरीत केलेली. म्हणजे ज्या बाजूनं टाचेचा मळ निघायचा त्याच्या पाठीवर एवढी हौस. न्हाणीघरातल्या ओल्या अंधारात ती नक्षी बघणार होतं कोण? मी त्या काचेपुढे जितकी उभी राहिले तितकी महालापुढेही नाही.

आणि सातवा अडकित्ता. इथं अडकित्त्यांचे इतके प्रकार आहेत की सुपारी हे निमित्त होतं असं वाटावं. पोपट आहेत, घोडेस्वार आहेत, स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. दोन पाती, मध्ये एक खीळ. मिटला की जोडी जवळ येते, उघडला की दूर जाते. सुपारी फुटते ती जवळ येण्यात. हे मुलांना सांगायचं नाही अशी मी वहीत नोंद करून ठेवली.

प्रश्नावली रद्द केली. इतिहासाच्या सरांना वाईट वाटलं. त्यांना मी महालाचं साल दिलं. प्रश्नावलीऐवजी दोघांत मिळून एक कोरा कागद द्यायचा आणि एकच काम सांगायचं. सातांतली एक वस्तू निवडा आणि ती धरलेल्या हातासकट तिचं चित्र काढा. नुसती वस्तू काढायला पाटीशेजारी क्षणभर थांबलं तरी पुरतं. हात काढायचा म्हटला की अंगठा कुठं येतो, मूठ वळते की बोटं पसरतात, वजन कुणीकडे पडतं, एवढं सगळं बघावं लागतं.

आठ दिवस आधी वर्गात रंगीत तालीम झाली. बाकं जोडून दालनं केली, खिडकीतला माठ, झाडू आणि घंटेचा टोला वस्तू म्हणून मांडले, आणि शिपाईमामांना पहारेकरी केलं. मामांनी भूमिका इतकी मनावर घेतली की त्या दिवशी शाळा सुटायची घंटा द्यायला टोला मिळेना. "वस्तूला हात लावायचा नाही" म्हणून तेच अडवून बसले होते.

प्रत्यक्ष सहलीबद्दल थोडक्यात सांगते, कारण नियोजनाच्या मानानं सहल फार लवकर संपते. घाटात उलट्या झाल्या, त्यांची तयारी होती. आवळासुपारी, लिंबाच्या फोडी, पिशव्या, सगळं मार्गी लागलं. संग्रहालय दहाला उघडतं, आम्ही साडेनवालाच हजर. आत दर दालनाच्या दाराशी मुलं मोजायची, असा नियम मी केला होता. एक मूल कमी भरलं तर काय करायचं, कोणी कुठं धावायचं, सगळं लिहून ठेवलेलं. दुसऱ्या मजल्यावर मोजली तर ४० भरली. एक जास्त भरलं तर काय करायचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पुन्हा मोजली. पुन्हा ४०. पांढरा सदरा, खाकी चड्डी; निम्म्या महाराष्ट्राचा गणवेश तोच. पुढे गेलेल्या दुसऱ्या शाळेतलं एक पोरगं आमच्या रांगेत येऊन मन लावून दौतीचं चित्र काढत होतं. त्याच्या बाई त्याला शोधत खाली आल्या तेव्हा ते जायला तयार नव्हतं. म्हणालं, आमच्याकडे २५ प्रश्न आहेत.

चिलखतापुढे बारक्यानं विचारलं, "बाई, माशाच्या खवल्यांचं, तर वास नसंल का येत?" पीटीचे सर म्हणाले, शत्रू त्यानंच पळत असेल. मुलांनी हे उत्तर खरं मानून वहीत लिहून घेतलं आणि नंतर ते वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मला दोन ठिकाणी भेटलं.

पण ज्याची माझ्याकडे काहीच तयारी नव्हती तो प्रश्न त्याआधीच, फाटकापाशीच येऊन गेला होता. रांग लावत असताना बारक्यानं वरची पाटी मोठ्यानं वाचली. राजा, दिनकर, केळकर. मग विचारलं, "बाई, हे केळकर कुठल्या गादीचे राजे?"

दोन मुलं म्हणाली पुण्याचे, एक म्हणाली कोकणातले असतील. मी म्हटलं, राजे नाहीत. दिनकर केळकरांचा मुलगा होता, त्याचं नाव राजा. त्याच्या आठवणीसाठी हे नाव दिलंय.

"मेला का तो?"

"हो."

"केवढा होता?"

"तुमच्यापेक्षा लहान."

रांग सरळ झाली होती, ती मी काही न बोलता झाली. बारक्या अजून पाटीकडेच बघत होता. मग त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे, आणि म्हणाला, "एवढं सगळं?" मी मान हलवली. पुढचं वेळापत्रक माझ्या हातात होतं, त्यात ९.५० ला 'सूचना' असं लिहिलेलं होतं. सूचना द्यायच्या राहून गेल्या.

सोमवारी बारक्या दप्तरातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. घरचा अडकित्ता. पोपट नाही, घोडेस्वार नाही, साधा लोखंडी, मुठी घासून काळ्याशार गुळगुळीत झालेल्या. "आपल्या संग्रहालयाला," म्हणाला. आपलं संग्रहालय कुठलं, हे मी विचारायच्या आत दुसऱ्यानं रॉकेलची चिमणी काढली. मंगळवारपर्यंत मापटं, पाटी-पेन्सिल, जात्याचा एक मोडका खुंटा आणि कुणाच्या तरी वडिलांचा बटणांचा मोबाइल येऊन दाखल झाला. प्रयोगशाळेच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून दिला. मुख्याध्यापक येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत, पण दुपारी निरोप आला, शाळेत आलेल्या प्रत्येक वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद पाहिजे, आणि धारदार वस्तू कुलपात. मी नोंद केली. अडकित्ता, लोखंडी, नग १.

गुरुवारी मधल्या सुट्टीत बारक्याची आजी व्हरांड्यात उभी.

"मास्तरीणबाई, अडकित्ता द्या माझा. चार दिस झालं, सुपारी नाय तोंडात."

बारक्या माझ्यामागे लपला. मी कपाटाचं कुलूप काढलं. आजींनी अडकित्ता हातात घेतला, पदराला पुसला, आणि तिथंच पायरीवर बसून कनवटीची चंची सोडली. मुलं भोवती जमली. आजींनी सुपारी पात्याखाली धरली, डाव्या तळव्यावर काय केलं ते कळलं नाही, पण कट्कट् आवाज होत गेला आणि पातळ पातळ चकत्या पडत गेल्या. बघत मात्र त्या बारक्याकडे होत्या.

बारक्यानं हळूच वहीतून संग्रहालयात काढलेलं चित्र बाहेर काढलं. अडकित्ता हुबेहूब होता, त्यावरची स्वाराची पगडीसुद्धा. हात उलटा आला होता. त्यानं खोडरबर मागितलं.

आजींनी चार खांडं माझ्या हातावर ठेवली आणि माळ्यावर कधी येताय ते विचारून गेल्या. मी रजिस्टर काढलं. त्या नोंदीसमोरच्या शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं, 'वापरात असल्यामुळे परत.'